थिओबाल्ड स्मिथ : गोचिडाचं कोडं सोडवणारा शास्त्रज्ञ



आज एका अशा शास्त्रज्ञाची ओळख करून घेऊ, ज्याचं नाव पाठ्यपुस्तकात फारसं येत नाही. पण त्याचं काम तुमच्या घरामागच्या गोठ्यापर्यंत येऊन पोचलेलं आहे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यात राहणाऱ्या मुलांना गोचीड माहीत नाही, असं होणारच नाही. गाईच्या कानात, मानेच्या पोळीखाली, कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी वाटाण्यासारखा टरारून फुगलेला तो करडा किडा तुम्ही पाहिला असेल. घरातली मोठी माणसं तो चिमटीत धरून काढतात, हेही पाहिलं असेल.

आता एक प्रश्न. एकाच कुरणात चरणाऱ्या दोन गाई बघा. एकीच्या अंगावर गोचिडांचा नुसता खच असतो आणि दुसरीच्या अंगावर शोधूनही चार-दोनच सापडतात. असं का होत असेल? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी सव्वाशे वर्षांहून मागे, अमेरिकेत जावं लागेल. तिथे आपल्याला भेटणार आहेत थिओबाल्ड स्मिथ.

बालपण आणि शिक्षण

थिओबाल्ड स्मिथ यांचा जन्म 31 जुलै 1859 रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनी या गावी झाला. आईवडील जर्मनीतून पोटापाण्यासाठी तिकडे गेलेले. वडील शिंप्याचं काम करायचे. घरात बोलणं जर्मन भाषेत आणि शाळेत इंग्रजीत. म्हणजे घरची भाषा वेगळी आणि शाळेची वेगळी. आपल्याकडे घरी आगरी किंवा कोळी बोलणारी मुलं शाळेत प्रमाण मराठी शिकतात, तसंच काहीसं.

ही घरची भाषा पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली. त्या काळी जंतुशास्त्रातलं सर्वांत नवं काम जर्मनीत रॉबर्ट कॉख करत होते आणि ते जर्मन भाषेतच छापून येत होतं. अमेरिकेत ते थेट वाचू शकणारे थोडेच होते. स्मिथ ते मूळ भाषेत वाचत आणि स्वतःच्या हाताने प्रयोग करून बघत. शिकवायला कोणी गुरू नव्हता. वाचायचं, करून बघायचं, चुकलं तर पुन्हा करायचं, हीच त्यांची शाळा.

अभ्यासात ते हुशार होते. शिष्यवृत्ती मिळवून ते कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि 1881 मध्ये पदवीधर झाले. 1883 मध्ये अल्बनीच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. पण दवाखाना थाटण्यात त्यांचं मन रमलं नाही. आजार बरा करण्यापेक्षा आजार मुळात होतो कसा, हे शोधण्याची ओढ त्यांना जास्त होती.

1884 मध्ये अमेरिकन सरकारने पशुरोगांच्या अभ्यासासाठी वॉशिंग्टन इथे एक खातं सुरू केलं. तिथे स्मिथ नोकरीला लागले. म्हणजे बघा, माणसांचा डॉक्टर झालेला तरुण गुराढोरांच्या आजारांकडे वळला. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

नाव एकाचं, काम दुसऱ्याचं

साल्मोनेला हे जंतूचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शिळं, दूषित अन्न खाऊन जुलाब-उलट्या होतात, त्यामागे बरेचदा हा जंतू असतो. हे नाव आलं स्मिथ यांचे वरिष्ठ डॅनियल साल्मन यांच्यावरून. पण डुकरांच्या आजाराचा अभ्यास करताना हा जंतू प्रत्यक्ष शोधून काढला तो स्मिथ यांनी. नाव मात्र खात्याच्या प्रमुखाचं लागलं.

असं झालं की माणूस खट्टू होतो, काम सोडून देतो. स्मिथ मात्र आपल्या सूक्ष्मदर्शकापाशी बसून राहिले. आणि मग त्यांच्यासमोर आलं गोचिडाचं कोडं.

टेक्सास ताप : एक विचित्र आजार

अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः टेक्सासमध्ये, मांसासाठी पाळलेल्या गुरांचे प्रचंड कळप असत. हे कळप विकायला उत्तरेकडे हाकत नेत. दक्षिणेची ही गुरं दिसायला निरोगी असायची. पण ज्या वाटेने ती गेली, ज्या कुरणात ती चरली, तिथे महिनाभराने उत्तरेची गुरं पटापट मरू लागायची. जबर ताप यायचा, लघवी लाल व्हायची, गुरं खाणं सोडायची आणि काही दिवसांत खेळ संपायचा. लोक त्याला टेक्सास ताप म्हणायचे.

आता यातली कोडी मोजा :

1. आजार आणणारी गुरं स्वतः ठणठणीत, आणि मरणारी दुसरीच.
2. दोन्हीकडची गुरं एकमेकांना शिवली नाहीत तरी आजार व्हायचा. फक्त त्याच कुरणात चरली तरी पुरे.
3. आजार लगेच होत नसे. मधे काही आठवडे जायचे.
4. कडाक्याची थंडी पडली की कुरण आपोआप सुरक्षित व्हायचं.
5. उत्तरेचं गुरू दक्षिणेत नेलं तर तेही मरायचं.

विद्वान मंडळी निरनिराळे तर्क लढवत होती. कोणी म्हणे शेण-मुतातून विष पसरतं, कोणी म्हणे लाळेतून. गुरं पाळणारे साधे लोक मात्र वेगळंच सांगत होते. त्यांचा संशय गोचिडावर होता. दक्षिणेच्या गुरांच्या अंगावर गोचीड असतात आणि तेच उत्तरेत आजार नेतात, असं त्यांचं म्हणणं. विद्वानांनी ते हसण्यावारी नेलं. एवढासा किडा एवढं मोठं गुरू कसा मारेल?

स्मिथ हसले नाहीत. गुराख्याचं म्हणणं खरं आहे का, हे तपासता येईल असा प्रयोग हवा, असा त्यांनी विचार केला.

कुरणातला प्रयोग

1889 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनजवळच्या सरकारी प्रायोगिक शेतावर काम सुरू झालं. स्मिथ यांच्यासोबत दोन पशुवैद्य होते. फ्रेड किलबोर्न शेतावरचे प्रयोग सांभाळत आणि कूपर कर्टिस यांनी गोचिडाचा जीवनक्रम अभ्यासला.

प्रयोग अगदी साधा होता, तुम्हालाही सहज समजेल असा. कुंपण घालून कुरणाचे वेगवेगळे तुकडे केले.

पहिल्या तुकड्यात दक्षिणेची गोचीड असलेली गुरं आणि उत्तरेची निरोगी गुरं एकत्र ठेवली.

दुसऱ्या तुकड्यातही दोन्हीकडची गुरं ठेवली. पण आधी दक्षिणेच्या गुरांच्या अंगावरचा एकूण एक गोचीड हाताने वेचून काढला. उन्हात, घामाघूम होऊन, लाथा चुकवत हे काम करावं लागलं. बारीक पिल्लं मोठी होऊन दिसू लागली की पुन्हा वेचायची.

तिसऱ्या तुकड्यात दक्षिणेचं एकही गुरू ठेवलं नाही. तिथल्या गवतावर नुसते गोचीड आणून सोडले.

काय झालं असेल? पहिल्या तुकड्यातली उत्तरेची गुरं आजारी पडून मेली. दुसऱ्या तुकड्यातली धडधाकट राहिली. आणि तिसऱ्या तुकड्यात, दक्षिणेचं गुरू नसतानाही, आजार आला.

मित्रांनो, दोन गोष्टी सारख्या ठेवायच्या आणि एकच गोष्ट बदलायची, हा विज्ञानाचा पाया आहे. इथे बदललेली गोष्ट होती गोचीड.

आईकडून पिल्लाकडे

पण एवढ्यावर कोडं सुटलं नव्हतं. हा गोचीड एकाच गुरावर चिकटून मोठा होतो. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, काही हजार अंडी घालते आणि मरते. मग ती दुसऱ्या गुराला आजार देते कधी?

स्मिथ यांनी गोचिडाची अंडी प्रयोगशाळेत उबवली. त्यातून निघालेली बारीक पिल्लं, ज्यांनी अजून कोणाचंच रक्त चाखलं नव्हतं, निरोगी गुरांच्या अंगावर सोडली. गुरं आजारी पडली! म्हणजे रोगाचा जंतू आई-गोचिडाकडून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात गेला होता.

मधे काही आठवडे का जातात, याचं उत्तर इथेच मिळालं. मादीने अंडी घालायची, ती उबायची, पिल्लांनी गवताच्या शेंड्यावर चढून गुराची वाट पाहायची, मग चावायचं. थंडीने ही पिल्लं मरतात, म्हणून हिवाळ्यानंतर कुरण सुरक्षित. सगळे दुवे एकेक करून जुळले.

आजारी गुरांच्या रक्तात, तांबड्या पेशींच्या आत, स्मिथ यांना नासपतीच्या आकाराचे जोडीजोडीने असलेले सूक्ष्म जीव दिसले. हे जीव तांबड्या पेशी फोडतात, म्हणून लघवी लाल होते. आज त्या जीवाला बबेसिया म्हणतात.

1893 मध्ये हे सगळं काम पुस्तिकेच्या रूपाने छापलं गेलं. अंगावर चिकटणारा किडा एका प्राण्याचा रोग दुसऱ्याला देऊ शकतो, याचा हा पहिला पक्का पुरावा होता.

हे इतकं महत्त्वाचं का?

सन बघा : 1893. त्यानंतर चार वर्षांनी, 1897 मध्ये, रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी पाहिला. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत दाखवून दिलं, की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो.

आता हे आपल्या इतिहासाशी जोडून पाहा. 1896 पासून मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या. तेव्हा प्लेग नेमका पसरतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. किडा रोग वाहून नेतो, या विचाराची वाट स्मिथ यांनी कुरणात मोकळी केली होती. ज्ञान चार-पाच वर्षं लवकर किंवा उशिरा पोचण्याने किती जीव वाचतात किंवा जातात, याचा विचार करा.

पुढचं आयुष्य

1895 मध्ये स्मिथ बोस्टनला गेले. हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागले, घटसर्पावरचं प्रतिविष तयार करणारी प्रयोगशाळा सांभाळू लागले. 1898 मध्ये त्यांनी माणसाचा क्षय आणि गाईचा क्षय यांचे जंतू वेगवेगळे आहेत, हे मांडलं. दूध उकळून पिण्याचं महत्त्व या अभ्यासामुळे अधिक स्पष्ट झालं. पुढे प्रिन्स्टनला रॉकफेलर संस्थेच्या प्राणीरोग विभागाचे ते प्रमुख झाले आणि 1929 पर्यंत तिथे काम केलं.

1933 मध्ये त्यांना इंग्लंडच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. रॉस यांना 1902 मध्ये नोबेल मिळालं, स्मिथ यांना ते कधीच मिळालं नाही. 10 डिसेंबर 1934 रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांनी दाखवलेल्या वाटेवरून अमेरिकेने 1906 मध्ये गोचीड निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली. गुरांना औषधाच्या हौदातून पोहायला लावत. 1943 पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतचा पट्टा सोडला तर तो गोचीड तिथून जवळजवळ हद्दपार झाला.

मग आपली गाय वेगळी का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. इथे दोन गोष्टींची गल्लत करू नका.

पहिली गोष्ट, रोगाला दाद न देणं. वासरू लहान असताना गोचीड चावला तर आजार सौम्य होतो आणि शरीर त्याला ओळखून ठेवतं. पुढे ते गुरू सहसा त्या आजाराने मरत नाही. दक्षिणेची गुरं ठणठणीत का होती, हे आता कळलं ना? स्मिथ यांच्याही हे लक्षात आलं होतं.

दुसरी गोष्ट, गोचिडालाच अंगावर टिकू न देणं. यात आपल्या भारतीय, म्हणजे वशिंड असलेल्या गुरांचा हात कोणी धरू शकत नाही. टेक्सासमधले मोठे पशुपालक शांघाय पिअर्स यांना हे जाणवलं होतं. त्यांच्या निधनानंतर, 1906 मध्ये, त्यांच्या वारसांनी भारतातून गुरं नेली. अशा गुरांपासून तिकडे ब्राह्मन नावाची जात तयार झाली. पुढे ऑस्ट्रेलियातही भारतीय वंशाच्या रक्ताचा संकर करून गोचिडाला तोंड देणारी गुरं तयार केली गेली.

या गुरांच्या अंगात असं असतं तरी काय?

* केस आखूड, गुळगुळीत आणि अंगासरशी बसलेले. लांब, दाट केसांत बारीक पिल्लांना जसा आसरा मिळतो, तसा इथे मिळत नाही.
* कातडी सैल आणि हलती. माशी बसली की गाय तेवढीच जागा थरारून हलवते, ते तुम्ही पाहिलंच असेल.
* शेपटी लांब, गोंडेदार. दिवसभर झाडणं चालूच.
* स्वतःला आणि एकमेकींना चाटण्याची सवय. खरखरीत जिभेने पिल्लं निघून जातात.
* आणि सर्वांत महत्त्वाचं, कातडीची आतली प्रतिक्रिया. गोचीड चावला की तिथे खाज येते, सूज येते, शरीराच्या रक्षक पेशी धावून येतात. पिल्लाला नीट रक्त ओढता येत नाही. बरीचशी पिल्लं पहिल्या एक-दोन दिवसांतच मरतात किंवा गळून पडतात.

हा गुण बऱ्याच अंशी आईबापांकडून वासरात येतो. म्हणून एकाच जातीतही एक गाय गोचिडांनी भरलेली आणि दुसरी जवळजवळ स्वच्छ, असं दिसतं. जाणकार लोक गुरांच्या अंगावरचे गोचीड मोजतात आणि कमी गोचीड असलेल्या गुरांची पैदास पुढे चालवतात.

कोकण कपिला आणि आपली जबाबदारी

आपल्या किनारपट्टीवर पाऊस धो-धो, हवा दमट, उष्णता भरपूर. गोचिडाच्या अंड्यांना अगदी हवं तसं हवामान. तरी डोंगरउतारावर, वरकस जमिनीत, थोड्या चाऱ्यावर आपली गावठी गुरं पिढ्यान्‌पिढ्या तगून आहेत. लहान बांध्याची, काटक, चपळ अशी ही गुरं आता कोकण कपिला या नावाने राष्ट्रीय पातळीवर नोंदलेली जात आहे. दूध थोडं देते म्हणून अनेकांनी ती दावणीची सोडून दिली. जर्सी किंवा होल्स्टिन संकरित गाय दूध जास्त देते, यात शंका नाही. पण तिच्या अंगावर गोचीड जास्त होतात, ताप लवकर येतो, औषधांचा खर्च वाढतो. दुधाचा हिशोब मांडताना हा खर्चही वहीत लिहायला हवा.

संकरित गाय पाळूच नये, असं यातून समजू नका. ज्याला बाजारात दूध घालायचं आहे तो ती पाळणारच. पण गावातला शेवटचा चांगला गावठी वळू एकदा गेला, की तो गुण विकत कुठे मिळणार? टेक्सासच्या लोकांनी जो गुण समुद्रापारहून नेला, तो आपल्या दारात मोकाट फिरतोय म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

घरी एवढं नक्की करा :

* गुराच्या कानात, कासेजवळ, शेपटीखाली रोज हात फिरवा. काढलेला गोचीड तिथेच टाकू नका, मारून टाका. फुगलेली एक मादी खाली पडली तर हजारो अंडी घालते.
* गोठ्याच्या भिंतीतल्या भेगा बुजवा. काही जातींचे गोचीड तिथे लपतात.
* औषध फवारायचं तर पशुवैद्यांनी सांगितलं तेवढंच, सांगितलं तेव्हाच. मनाने कमी-जास्त वापरलं तर गोचीड त्या औषधाला सरावतात.
* ताप, लाल लघवी, पांढुरक्या पडलेल्या हिरड्या दिसल्या तर वेळ न घालवता पशुवैद्यांना बोलवा. गावात ज्याला सरसकट गोचीड ताप म्हणतात, ते प्रत्यक्षात दोन-तीन वेगळे आजार असतात आणि त्यांची औषधंही वेगळी असतात.
* जंगलातून आल्यावर स्वतःचंही अंग तपासा. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला आढळणारा माकडताप गोचिडामुळेच माणसाला होतो.

आपण काय शिकलो?

स्मिथ यांची थोरवी सूक्ष्मदर्शकात तर आहेच, पण त्याआधी ती कानात आहे. शिकलेल्या लोकांनी उडवून लावलेली गोष्ट त्यांनी ऐकून घेतली, आणि नुसती ऐकून खरी मानली नाही, तर तपासून पाहिली. तुमच्या आजीला, गुराख्याला, शेजारच्या काकांना गुरांबद्दल जे माहीत आहे, त्यातलं काही खरं असेल, काही नसेल. ते कळण्याचा मार्ग एकच : विचारायचं, लिहून ठेवायचं आणि पडताळून बघायचं.

स्वाध्याय

1. टेक्सास तापाची पाच कोडी कोणती? प्रत्येकाचं उत्तर एका वाक्यात लिहा. (शेवटच्या कोड्याचं उत्तर पाठात शोधावं लागेल.)
2. कुरणाच्या दुसऱ्या तुकड्यातला प्रयोग केला नसता, तर निष्कर्षात कोणती उणीव राहिली असती?
3. रोगाला दाद न देणं आणि गोचिडाला दाद न देणं, यांतला फरक तुमच्या शब्दांत सांगा.

उपक्रम : मोठ्यांना सोबत घेऊन गावातल्या पाच गुरांची पाहणी करा. गावठी की संकरित, केस आखूड की लांब, आणि एका बाजूला दिसणाऱ्या मोठ्या गोचिडांची संख्या, असा तक्ता करा. महिन्याने तीच गुरं पुन्हा पाहा. आकडे सारखेच येतात का? आले किंवा नाही आले, तर का, यावर वर्गात चर्चा करू.